नव्या शिक्षकांनी शिकत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जून उजाडला की ठाणे जिल्ह्यात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. कोणी पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरून शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळेत लागलेलं असतं, कोणी महापालिकेच्या शाळेत, कोणी वाशी-नेरुळच्या खाजगी शाळेत. अनेकांसमोर शिक्षणसेवकाची, म्हणजे ठरावीक मानधनावरची पहिली तीन वर्षं असतात. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच: "आता पुढे कोणता कोर्स करू?"

माझं उत्तर दरवेळी तेच. पहिला कोर्स तुमच्या टेबलावरच पडला आहे, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. प्रशिक्षण, वाचन, पुढची पदवी हे सगळं हवंच, आणि या लेखात ते येणारही आहे. पण आपल्याला काय शिकायची गरज आहे हे मुलांच्या वहीतून कळलं, तरच शिकलेलं वर्गात उतरतं. नाहीतर प्रमाणपत्रांची फाइल जाड होत जाते आणि हातच्याच्या वजाबाकीला अडलेलं मूल तिथेच अडून राहतं.

पायऱ्या क्रमाने घ्या. पहिलीवर सर्वात जास्त लिहिलं आहे, कारण बाकीच्या सगळ्या तिच्यावर उभ्या आहेत.

पायरी १ : चुका गोळा करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पाठाच्या तयारीची टाचणवही वेगळी, ती मुख्याध्यापकांच्या सहीसाठी असते. ही वही फक्त तुमची. वह्या तपासताना वारंवार दिसलेली किंवा कोड्यात टाकणारी एक चूक रोज या वहीत उतरवायची. एकच, पण तीन भागांत: मुलाने काय लिहिलं ते जसंच्या तसं, ते कसं केलं याबद्दल मूल काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत, आणि त्यावर तुम्हाला काय वाटलं.

मधला भाग सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपण गाळतो.

चौथीचा वर्ग घ्या. ५२ वजा २७. एका मुलाने उत्तर लिहिलं ३५. फुली मारून पुढची वही उघडता येते. त्याऐवजी त्याला शेजारी बसवा आणि विचारा, "हे कसं केलंस, मला सांग बघू." तो सांगतो, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे त्याला वजाबाकी येते. त्याने स्वतःचा एक नियम केला आहे: दोन अंकांतला मोठा कुठला ते बघायचं आणि त्यातून लहान काढायचा, वर कोण आणि खाली कोण याचा संबंध नाही. "लहानातून मोठा जात नाही" हे वाक्य खालच्या वर्गांत आपण सतत म्हणत असतो; नियमाचं मूळ बहुधा तिथेच आहे.

आता पुढच्या बाकावरची मुलगी. तिचंही उत्तर ३५. ती सांगते, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून हातचा घेतला. बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन." तिला हातच्याची गरज कळली आहे, हातचा घेतलाही आहे. फक्त दशकाच्या घरातला पाच आता चार झाला, हे राहून गेलं.

उत्तर एकच, फुली एकच, गुणही शून्यच. पण दोघांना एकच उपाय चालणार नाही. मुलीला थोडा सराव आणि दशकाचा अंक खोडून वर नवा लिहायची सवय पुरेल. मुलाला मात्र आणखी वीस गणितं घातलीत तर तो वीसही आपल्याच नियमाने सोडवेल. त्याच्या हातात काड्या द्यायला हव्यात: रबर लावलेले दहादहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या मला सत्तावीस दे." दोन गठ्ठे तो लगेच देईल. मग सात सुट्या मागा. त्याच्याकडे सुट्या दोनच आहेत. तो थांबेल, तुमच्याकडे बघेल. इथे घाई करून "गठ्ठा सोड" असं सांगू नका. गठ्ठ्याचं रबर काढायची कल्पना त्याची त्याला सुचली की ती कायमची राहते, आणि फळ्यावरच्या हातच्याला त्यानंतरच अर्थ येतो.

अशा नोंदी महिनाभर झाल्या की वर्ग वेगळा दिसायला लागतो. "तीनशे पाच" ऐकून ३००५ लिहिणारी मुलं दिसतात; ती ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहीत असतात, आधी तीनशे आणि मग पाच. "सत्तावीस" ऐकून ७२ लिहिणारी दिसतात, कारण कानावर सात आधी पडतो आणि वीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. त्या वादात तुम्ही कोणत्याही बाजूचे असा. ती अडचण किती खरी आहे हे दुसरीच्या वह्या बघितल्या की समजतं.

भाषेच्या वह्यांत आपल्या भागाची आणखी एक खूण सापडेल. आगरी-कोळी घरातलं मूल "पाणी"चं "पानी" लिहितं, "डोळे"चं "डोले". घरी ण आणि ळ फारसे बोलले जात नाहीत, आणि मूल घरी बोलतं तेच लिहितं. त्याला "अशुद्ध" म्हणून लाल शेरा मारला तर ते लिहायचंच कमी करतं. घरचं रूप आणि पुस्तकातलं रूप फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दोन्ही मोठ्याने म्हणून घ्या. फरक कानाला कळला की हाताला कळतो.

वरच्या वर्गांनाही हे तितकंच लागू आहे. सातवीतली मुलं प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा म्हणतात. त्यांना विचारा, "एवढ्या मोठ्या वडाचं वजन आलं कुठून?" बहुतेक जण "मातीतून" म्हणतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड फारसा कोणाच्या डोक्यात येत नाही. ते उत्तर वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तो पाठ तिथूनच सुरू करता येईल.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याबरोबर वर्णनात्मक नोंदी आल्या. सत्र संपताना बरेच जण तयार याद्यांमधून "गणितात प्रगती आवश्यक" अशी वाक्यं उतरवतात. तुमच्याकडे वही असेल तर तुम्ही लिहाल, "हातचा घेते, दशकातून एक कमी करायला विसरते." अशा नोंदीचा पालकांनाही उपयोग होतो.

पायरी २ : सहा आठवड्यांसाठी एकच प्रश्न

पाच-सहा आठवड्यांनी वही पहिल्या पानापासून वाचून काढा. कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा येते? त्यातून एकच प्रश्न निवडा आणि तो होईल तितका लहान करा. "माझा वर्ग शांत कसा राहील?" या प्रश्नाला हात घालता येत नाही. "जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासिकेला पहिली दहा मिनिटं वाया जातात, तेव्हा मी काय करते?" याला घालता येतो. "वाचन सुधारायचं" हाही फार मोठा. "जोडाक्षर आलं की ही सहा मुलं थांबतात" हा बरोबर मापाचा.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं, ते छापलेलं असतं. तुमचा प्रश्न त्यातल्या कोणत्या निष्पत्तीशी जोडला जातो ते शोधा, आणि मागच्या दोन इयत्तांच्या पुस्तकांतही बघा. पाचवीचा प्रश्न खूपदा तिसरीत सुरू झालेला असतो. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेही याच चिंतेतून: तिसरीपर्यंत मुलांना समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं.

पायरी ३ : शेजारच्या वर्गात जाऊन बसा

आपल्याकडे शिक्षक नोकरीची वीस-वीस वर्षं एका भिंतीच्या अंतरावर काढतात आणि एकमेकांचा एकही तास बघत नाहीत. याची मला मनापासून खंत वाटते. ज्या बाईंच्या वर्गात मुलं रमतात, त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच पोर्टलवर मिळणार नाही.

आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, म्हणजे गैरसमज होत नाहीत. मग बाईंना सरळ विचारा: "बाई, माझ्या मुलांना जोडाक्षरं जड जातात. तुम्ही घेता तो तास मी मागे बसून बघू का?" विशिष्ट प्रश्न घेऊन गेलात तर क्वचितच कोणी नाही म्हणतं. "तुमचा तास बघायचाय" एवढंच म्हटलं, तर तपासणीला आल्यासारखं वाटतं.

तासाला बसल्यावर शिक्षकांकडे बघत बसू नका. तीन मुलं निवडा, एक पुढचं, एक मधलं, एक मागचं, आणि पूर्ण तास त्यांच्याकडे बघा. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा या तिघांनी काय केलं? उत्तर येईपर्यंत बाई किती थांबल्या? मागच्या मुलाचा डोळा फळ्यावर कधी आला? तास संपल्यावर बाईंना त्यांच्याबद्दल मत देऊ नका, तिघांबद्दल जे दिसलं ते सांगा आणि "तुम्ही तेव्हा का थांबलात?" असं विचारा. त्याच आठवड्यात त्यांना तुमच्या तासाला बोलवा. नव्या शिक्षकाने आपला वर्ग स्वतःहून उघडा केला की शिक्षकखोलीतलं बोलणंही हळूहळू मुलांच्या शिकण्याकडे वळतं.

एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत असाल तर केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत, अर्धा दिवस जाऊन बसण्याची परवानगी केंद्रप्रमुखांकडे मागा.

पायरी ४ : प्रशिक्षणात आपला प्रश्न घेऊन जा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी २०१७ पासूनचं दीक्षा हे ऑनलाइन व्यासपीठ आहे, २०१९ मध्ये सुरू झालेला शिक्षक प्रशिक्षणाचा निष्ठा कार्यक्रम आहे, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रशिक्षणं आहेत, आपल्या जिल्ह्याची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे.

व्हिडिओ पुढे सरकवून प्रश्नमंजुषा सोडवली की प्रमाणपत्र मिळतं, हे खरं. पण तुमच्या वहीत प्रश्न असेल तर त्याच अभ्यासक्रमातून तुम्ही वेगळं काही उचलाल. सुरू करण्याआधी वहीत लिहा: "मला यातून अमुक हवंय." संपल्यावर लिहा: "सोमवारी वर्गात मी अमुक करणार." दुसरं वाक्य लिहिता आलं नाही, तर त्या विषयावर आणखी एक अभ्यासक्रम घेण्याआधी थांबा. प्रमाणपत्रांच्या पीडीएफ मात्र वर्षवार एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, कधी मागतील सांगता येत नाही.

केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला आपल्या मुलांच्या दोन-तीन वह्या बरोबर न्या. त्या दोन ३५ सारखं काही टेबलावर ठेवलंत, तर पंधरा शाळांचे शिक्षक आपापल्या वर्गातली उदाहरणं सांगू लागतील, आणि ती परिषद तुमच्यासाठी सार्थकी लागेल.

पायरी ५ : वाचन आणि जवळच्या संस्था

वाचनाबाबत आपण नशीबवान आहोत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून. सभासद व्हा आणि शिक्षणाच्या कपाटापाशी एक सुट्टी घालवा. राज्य परिषदेचं "जीवन शिक्षण" आणि राज्य मंडळाचं "शिक्षण संक्रमण" ही मासिकं बऱ्याच शाळांत येतात आणि न उघडता कपाटात जातात. जुने अंक मागून घ्या.

विज्ञान किंवा गणित शिकवत असाल तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र चुकवू नका. १९७४ मध्ये सुरू झालेली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही शाखा मानखुर्दला आहे. वाशीहून हार्बर लाइनने खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन. मुलं विज्ञान-गणितात कुठे आणि का अडतात, याच विषयाचा अभ्यास तिथे होतो. शिक्षकांच्या कार्यशाळांचं वेळापत्रक आधी बघून जा.

पायरी ६ : वस्ती वाचायला शिका

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणातलं काम आपल्याच मातीतलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा होता. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. अनुताई स्वतः नोकरी करत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या होत्या, आणि पदवीधर झाल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. नव्या शिक्षकांना मी त्यांचं उदाहरण देतो ते त्यांच्या पदवीपेक्षा त्यांच्या बघण्यासाठी: मूल दिवसभर कुठे असतं, हे त्यांनी आधी जाऊन पाहिलं.

तुम्हीही पहिल्या सत्रात आठवड्याला एका घरी जा. तुर्भ्याच्या खदाणीजवळ, भिवंडीच्या यंत्रमागाच्या गल्लीत, दिव्याच्या चाळीत. मूल अभ्यासाला कुठे बसतं, घरात कोणती भाषा बोलली जाते, आई कामावरून किती वाजता येते, हे कळलं की गृहपाठ द्यायची तुमची पद्धतच बदलते. शहापूर-भिवंडीकडे दिवाळीनंतर काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात. कोण जाणार आहे हे ऑक्टोबरातच विचारून ठेवा आणि शिक्षण हमी कार्ड हाती देऊनच मुलाला निरोप द्या, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल.

परिसरातून धडेही निघतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली: १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी, ३४ किलोमीटर. पाचवीला विचारा, प्रत्येक डब्यात सारखे प्रवासी बसवले तर किती बसतील? २८ बसतात आणि ८ उरतात. मग त्या आठांचं काय करायचं? बाकीचा अर्थ समजायला यापेक्षा चांगलं गणित मी शोधलेलं नाही. ऐरोलीला खाडीकाठचं जैवविविधता केंद्र आहे, ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. अशा ठिकाणी मुलांना नेण्याआधी एकदा एकट्याने जा आणि तिथे स्वतःला पडलेले प्रश्न लिहून आणा.

पायरी ७ : करून बघा, मोजा, लिहा

निवडलेल्या प्रश्नावर एक उपाय ठरवा आणि तो चार आठवडे सलग करा. आधी दहा गणितांची छोटी चाचणी घ्या. गुण मोजू नका, चुकांचे प्रकार मोजा: किती जणांनी मोठ्यातून लहान काढला, किती जणांनी दशक कमी केला नाही, किती जणांची नुसती बेरीज-वजाबाकीची गफलत झाली. चार आठवडे काड्यांचं काम झाल्यावर तशीच दुसरी चाचणी घ्या. पहिला गट कमी झाला आणि दुसरा वाढला, तर निराश होऊ नका. काही मुलं "मोठ्यातून लहान" सोडून हातच्यापर्यंत पोचली, असाही त्याचा अर्थ असू शकतो. कोणतं मूल कुठून कुठे गेलं, ते नावानिशी बघा. एकूण गुणांत हा प्रवास दिसत नाही.

हे चार पानांत लिहून काढलंत की ते कृतिसंशोधन झालं. राज्य परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेला पाठवता येईल. पण लिहायचं ते मुख्यतः स्वतःच्या विचाराला शिस्त लागावी म्हणून, आणि यशस्वी न झालेला प्रयोगही तितक्याच काळजीने लिहायचा.

पदवी आणि वेळ

पहिल्या वर्षात नव्या पदवीच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्ग हातात आल्यावर, सेवेतल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. आहे, इग्नूचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांनी आणि निवडश्रेणी २४ वर्षांनी येते, त्यासाठीची प्रशिक्षणं तेव्हा करावी लागतीलच.

वेळ कुठून काढायचा? शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत, आणि त्यात तयारीचा वेळ मोजलेला आहे. म्हणजे शिकणं हे नोकरीच्या बाहेरचं काम नाही. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं यातले बरेच तास खातात, हे मलाही माहीत आहे. म्हणून किमान एवढं ठेवा: रोज दहा मिनिटं चुकांच्या वहीला, आठवड्यात एक ऑफ तास शेजारच्या वर्गाला, शनिवारी एक तास वाचनाला. जनगणना किंवा निवडणूक आली तर बाकीचं सोडा, वहीची दहा मिनिटं सोडू नका.

एप्रिलअखेर निकालपत्रकं तयार होतात तेव्हा वहीतून प्रत्येक मुलामागे दोन ओळी वेगळ्या कागदावर उतरवा: काय पक्कं झालं, कुठे अडतं, काय केल्यावर सुटतं. तो कागद पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांच्या हातात द्या आणि तुमच्याकडे येणाऱ्या वर्गाचा तसाच कागद मागून घ्या. त्यांनी लिहिलेला नसेल तर त्यांच्यासमोर बसून, हजेरीपट उघडून, एकेक नाव घेत विचारा आणि तुम्हीच लिहून घ्या.